वसुली कुणाकडून?

सरकारने उपचारावर खर्च केला आणि पुढे विमा कंपनीकडून भरपाई मिळाली, तर सरकारचे पैसे त्यातून आधी कापून घ्यावेत, असं मी गोंदिया कोर्टाच्या बाररूममध्ये वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो. महात्मा फुले योजनेचा पैसा लोकांचा. धडक ट्रकने दिली, ट्रकचा विमा आहे. मग भुर्दंड तिजोरीला का? कायद्यालाही हे परकं नाही. धडक देऊन वाहन पळून गेलं, तर गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. नंतर दुसरीकडून भरपाई मिळाली की मोटार वाहन कायद्याचं कलम १६३ तेवढे परत मागतं.

मुलांच्या दाव्यांत आता मी असं म्हणत नाही.

फ्लोरिडात २००८ साली शाळेच्या बसमधून उतरलेल्या १३ वर्षांच्या मुलीला एका गाडीने उडवलं. तिच्यावर मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचे ८ लाख ६२ हजार डॉलर खर्च झाले. तडजोड ८ लाखांवर झाली, त्यात झालेल्या उपचारांचे जेमतेम ३५ हजार. राज्याने मागितले ३ लाख. पुढच्या उपचारांच्या रकमेतूनही राज्य वसुली करू शकतं, असा निकाल ६ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दिला. युक्तिवाद थेट माझाच होता, आणि तरी तो पटेना.

कारण मुलाच्या भरपाईत मोठा हिस्सा असतो तो पुढच्या आयुष्याचा. हरियाणातल्या अशाच एका मुलीला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ६२ लाख २७ हजार दिले. त्यातले २१ लाख ६० हजार फक्त सांभाळणाऱ्या दोन माणसांचे, प्रत्येकी महिना ५ हजार धरून. (एवढ्यात देवरीतही दिवसभराचं माणूस मिळत नाही.) आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. तिची बुडालेली रोवणी, नागपूरला मेडिकल कॉलेजच्या चकरा, यातलं काही सरकारच्या बिलात येत नाही. भरपाई मिळते ती मूल सज्ञान होईपर्यंत बँकेत एफडी करून ठेवायची. मध्येच उपचाराला पैसे लागले तर कोर्टात अर्ज. त्या एफडीतून सरकारने आपलं येणं कापायचं?

तिजोरीची तक्रार मात्र मी सोडलेली नाही. ५ मे २०२५ पासूनच्या कॅशलेस योजनेत अपघातानंतर सात दिवस, दीड लाखापर्यंत उपचार होतात आणि विमा असलेल्या वाहनांसाठी तो निधी विमा कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. वाट हीच योग्य. पण डोक्याला मार लागलेलं मूल सातव्या दिवशी कधीकधी व्हेंटिलेटरवरच असतं. आठव्या दिवसापासूनचं सरकारी बिलही त्याच कंपन्यांकडे पाठवा.

एक सहकारी म्हणतात, कंपनी मग तेवढीच तडजोड कमी करेल. करेलही. म्हणून वसुलीचा कायदा आलाच, तर पुढच्या उपचारांच्या आणि सांभाळणाऱ्याच्या रकमेला हात लावता येणार नाही, एवढं कलम त्यात आधी लिहून घ्यावं लागेल.