वणीचा तराजू आणि नानखटाई

नाशिकहून दिंडोरीमार्गे सप्तशृंगगडाकडे जाताना वणी लागते. भाविकांच्या वाटेवरचे हे गाव द्राक्षे आणि टोमॅटोच्या पट्ट्यातील बाजारपेठही आहे. अशा पेठेत व्यापाऱ्याचे मूल खेळता खेळता तराजू शिकते. ज्याला मात्र अक्षरे-आकडे सहज उमगत नाहीत, ते अनेकदा गल्ल्यापासून दूरच राहते. आईवडिलांच्या पश्चात त्याचे काय, हा प्रश्न घरात मुकाट्याने वावरतो.

या प्रश्नाला जिल्ह्याच्या गावी जुने उत्तर आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये नाशिकला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. मुंबईत जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये तर स्वमग्न व बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ खाद्यपदार्थ बनविण्यात आणि ग्राहकांना वाढण्यात सहभागी असतात.

घरी आरंभ नानखटाईने करता येईल. तिला अंडे लागत नाही, यीस्टही नाही. दोन वाट्या पीठ, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर. हे प्रमाण चित्रांनीही समजते. हात धुणे, मोजणे, घड्याळाकडे लक्ष ठेवणे, तापलेला ट्रे जपून धरणे, बारा नग खोक्यात भरणे, सुटे पैसे परत करणे, हे सारे जगण्याचेच धडे. घाणा करपला, तर चूक आपोआप दिसते; रागावावे लागत नाही.

जैन परंपरेतील चार दानांत ज्ञान आणि अभय यांचा समावेश आहे. अशा मुलाला काम शिकविण्यात दोन्ही साधतात. वणीच्या दुकानांत पीठ, तूप, साखर, तराजू सारे आहे. गल्ल्याजवळ त्याला जागा तेवढी द्यावयाची आहे.