स्थलांतर आणि नामांतर

आपल्याकडे मुलीचें लग्न झालें म्हणजे एकाच दिवशीं दोन गोष्टी घडत: तिचें घर बदले, आणि तांदळाच्या ताटांत अंगठीनें तिचें नवें नांव लिहिलें जाई. हल्लीं पुष्कळ घरांत ही दुसरी गोष्ट मुलीच्या इच्छेवर सोडतात, आणि तें योग्यच आहे. पण स्थलांतर व नामांतर हीं वस्तुतः एकच क्रिया होय असें मानणारे लोक आणखीही कोठें आहेत, हें आम्हांस उतारवयांत, तेंही संगणकापुढें बसल्यावर कळलें.

युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें, बेल प्रयोगशाळेंत, केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांच्या हातून जन्मास आली. तिच्या १९७१ सालच्या पहिल्याच माहितीपुस्तकांत ‘एमव्ही’ ही आज्ञा आहे. ‘मूव्ह’ म्हणजे हलविणें. त्यांतलीं दोनच अक्षरें घेतलीं, कारण त्या वेळचीं टेलिटाइप यंत्रें कागदावर सेकंदास दहा अक्षरें उमटवीत, आणि इतक्या मंद यंत्रापुढें बसणारा मनुष्य शब्दांचा कंजूष होतोच. आज्ञा लिहावी, पुढें जुनें नांव, त्यापुढें नवें नांव. दुसऱ्या जागीं फोल्डरचें नांव दिलें तर फाईल त्यांत जाऊन बसते. तें न देतां नवेंच नांव दिलें तर जागच्या जागीं बारसें होतें. बारशासाठीं निराळी आज्ञा त्या लोकांनीं केलीच नाहीं. लिनक्स ही १९९१ पासूनची प्रणाली युनिक्सच्याच वळणाची, आणि आमच्या घरच्या यंत्रावर तीच असल्यामुळें ही आज्ञा आमच्या गळ्यांत पडली.

असें कां, ह्याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. आपण समजतों कीं फाईलचें नांव फाईलवर चिकटविलेलें असतें, लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी असते तसें. तसें मुळींच नाहीं. प्रत्येक फाईलला आंतून एक क्रमांक असतो; त्याच्या नोंदीला आयनोड म्हणतात. फाईलचा मजकूर कोठें आहे, ती कोणाची, केव्हां लिहिली, हें सारें त्या नोंदींत. नांव तेवढें तींत नाहीं! नांव असतें फोल्डरमध्यें, आणि फोल्डर म्हणजे केवळ एक वही: एका बाजूस नांव, दुसऱ्या बाजूस क्रमांक. तेव्हां नांव बदलणें म्हणजे वहींतली एक ओळ खोडून दुसरी लिहिणें, आणि जागा बदलणें म्हणजे तीच ओळ ह्या वहींतून त्या वहींत उतरविणें. मजकुराला हातही लागत नाहीं. दोन तासांच्या लग्नाचें चलच्चित्र एका फोल्डरांतून दुसऱ्यांत डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जातें, तें ह्यामुळें. मात्र दुसऱ्या डिस्कवर न्यावयाचें असेल तर ही युक्ति चालत नाहीं. तेथें खरोखरच नक्कल करून मूळ पुसावें लागतें, आणि मग चहा घेऊन येण्यास अवकाश मिळतो.

हा खटाटोप आम्हीं आरंभिला तो घरच्या कागदपत्रांसाठीं. तीन भावांच्या एकत्र कुटुंबांत शंभर वर्षांचीं पत्रें, कुंडल्या, मुंजीलग्नांचीं छायाचित्रें एका शिसवी पेटींत होतीं. वाळवीनें हातपाय पसरण्यापूर्वीं त्यांच्या प्रतिमा संगणकावर घ्याव्या असें ठरलें. प्रतिमा झाल्या, पण त्यांचीं नांवें यंत्रानें ठेवलेलीं: चार अक्षरें आणि चार आंकडे. पणजोबांची सनद आणि धाकट्या नातीचा दुधाचा दांत ह्यांत त्या नांवांवरून कांहींच भेद कळत नसे.

आणि येथेंच त्या आज्ञेचा तापट स्वभाव सांगितला पाहिजे. नव्या जागीं त्याच नांवाची फाईल आधीं असली, तर एमव्ही बहुधा विचारीत नाहीं. जुनी निमूटपणें नाहींशी होते व तिच्या जागीं नवी बसते. आमच्या पुतण्यानें मुंजीचीं छायाचित्रें दोन कॅमेऱ्यांनीं काढिलीं. दोन्ही कॅमेरे एकापासूनच मोजूं लागलेले. त्यानें एकाचीं एका फोल्डरांत नेलीं, मग दुसऱ्याचीं त्याच फोल्डरांत नेलीं, आणि मातृभोजनाचीं सारीं चित्रें पंक्तीच्या चित्रांखालीं गडप झालीं. त्या ताटावर बटूशेजारीं आमच्या वडील वहिनी बसल्या होत्या; पुढल्या पौषांत त्या गेल्या. पुतण्यास कोणी एक शब्द बोललें नाहीं, पण त्यानें तीन रात्रीं यंत्र सोडलें नाहीं. पाहुण्यांपैकीं एकाच्या भ्रमणध्वनींत एक चित्र निघालें, किंचित् हललेलें. तेंच आतां भिंतीवर आहे.

वास्तविक उपाय सोपा आहे. आज्ञेपुढें एक आडवी रेघ व ‘आय’ हें अक्षर लिहिलें म्हणजे ती प्रत्येक वेळीं ‘जुनी जाऊं देऊं काय?’ असें विचारते. ‘आय’च्या जागीं ‘एन’ लिहिलें तर जुनीला हात न लावतां नवी जेथल्या तेथें राहूं देते. शंकानिरसन न करतां काम करणारा नोकर आम्हांस तरी परवडत नाहीं, म्हणून आमच्या घरीं आतां ‘आय’वांचून ही आज्ञा कोणी लिहीत नाहीं. तारकाचिन्हाचीही अशीच गोष्ट. ‘सर्व फायली’ ह्या अर्थीं तारका लिहावी, तर तिचा अर्थ एमव्ही लावीतच नाहीं. शेल नांवाचा मध्यस्थ तारकेच्या जागीं सर्व नांवें लिहून मग यादी पुढें धाडतो. यादींतलें शेवटलें नांव म्हणजे पोंचण्याचें ठिकाण. तारकेनंतर ठिकाण लिहावयाचें विसरलें आणि फोल्डरांत नेमक्या दोनच फायली असल्या, तर पहिली दुसरीच्या उरावर जाऊन बसते. नांवांत मोकळी जागा सोडूं नये, हेंही ओघानें आलेंच. तो मध्यस्थ एका नांवाचीं दोन नांवें समजतो, आणि अवतरणचिन्हें घालून त्याची समजूत काढावी लागते.

नांवें द्यावयाचीं तर वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप कालक्रमानें लागते. जुन्या पत्रांवर तिथि व शक असे. शकांत अठ्ठ्याहत्तर मिळविले म्हणजे बहुतेक महिन्यांचें काम होतें, पौष ते फाल्गुन ह्या महिन्यांच्या पत्रांस तेवढा पंचांगाचा आधार घ्यावा लागतो. नांवें देवनागरींत देतां येतात ही आनंदाची गोष्ट. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींतही नांव चौदा अक्षरांहून लांब चालत नसे, आणि तीं अक्षरें रोमनच. पुढें १९९२ सालीं त्याच थॉम्प्सननीं रॉब पाइक ह्यांच्यासह यूटीएफ-आठ ही लेखनपद्धति बसविली, आणि जगांतल्या सर्व लिप्यांना वाट झाली. हल्लीं लिनक्सवर नांवास बहुधा २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट खातें. म्हणजे आपल्या वांट्यास ८५ चिन्हें. ‘चिरंजीव’ आणि ‘सौभाग्यवती’ गाळल्यास पुरतात.

खरा वाद झाला तो आजीच्या पत्रांवरून. तिचें माहेरचें नांव नदीचें, सासरचें देवीचें. भावास लिहिलेल्या पत्रांखालीं ती जन्मभर नदीच्याच नांवानें सही करीत असे. घरांत मात्र तें नांव कोणी उच्चारलें नव्हतें. थोरले बंधु म्हणाले, ‘ह्या घरची ती, फाईलवर ह्या घरचेंच नांव पाहिजे.’ आत्या म्हणाल्या, ‘सही तिनें केली आहे, तुम्ही कोण ती बदलणारे?’ दोन दिवस जेवणाच्या पानांवर हाच विषय. तेव्हां पुतण्यानेंच ‘एलएन’ ही दुसरी आज्ञा दाखविली. वहींत दोन ओळी लिहावयाच्या, नांवें दोन, क्रमांक एकच. नक्कल नाहीं, धाकटें-थोरलें नाहीं. दोन्ही नांवें सारखींच खरीं. एक नांव पुसलें तरी पत्र राहतें. दोन्ही पुसलीं म्हणजेच जातें. आत्यांनीं हें दोनदां समजावून घेतलें, आणि ‘हें त्या वेळीं कोणास सुचलें असतें तर!’ एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या.

आजीचीं सदतीस पत्रें आतां दोन्ही नांवांनीं सांपडतात. पेटींतल्या छायाचित्रांपैकीं पावणेदोनशें अद्याप आंकड्यांच्याच नांवानें पडून आहेत, कारण त्यांतलीं माणसें आम्हां भावांस ओळखूं येत नाहींत. आत्या दुपारीं चष्मा पुसून येऊन बसतात, एकेक चित्र पाहून नांव सांगतात, आणि पुतण्या तें लिहितो. काल नऊ झालीं.