लॅमिंग्टन रोडची एक फेरी

संगणकाचा एखादा भाग घरबसल्या मागवावा आणि तो बिघडल्यावर मात्र घर सोडून रेल्वेनें निघावें, असा योग आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत आला. चौदा महिन्यांपूर्वीं आम्हीं ऑनलाइन बाजारांतून दोन टेराबाइटांची एक हार्ड डिस्क घेतली होती. परत करण्याची मुदत दहा दिवसांची, हमी दोन वर्षांची. हीं दोन्ही वचनें एकाच माणसाचीं, अशी आमची भाबडी समजूत! डिस्क टिक्‌टिक् करूं लागली तेव्हां कळलें, कीं पहिलें वचन बाजाराचें. त्याचे दिवस माल दारीं आला तेव्हांपासूनच मोजले जातात. दुसरें कारखानदाराचें, तें मागावयास त्याच्या सेवाकेंद्रावर जावें लागतें. आमचें केंद्र निघालें मुंबईस, लॅमिंग्टन रोडवर.

डिस्क टपालानेंहि पाठवितां आली असती. परंतु तिच्यांत आमच्या सासूबाईंचीं पत्रें होतीं. राजापुराहून चाळीस वर्षें त्या लेकीला लिहीत होत्या. भाच्यानें सुटींत बसून त्या सर्व पत्रांचीं छायाचित्रें काढून डिस्कवर चढविलीं. मूळ कागद पुढल्याच पावसाळ्यांत वाळवीनें खाल्ले. दुसरी प्रत करण्याचें काम "पुढल्या आठवड्यांत" म्हणून लांबत गेलें. हा दोष सर्वस्वी आमचा.

सौभाग्यवतींनीं डिस्क पंचांत गुंडाळून मांडीवर घेतली, व १९३० सालीं सुरू झालेल्या दख्खनच्या राणीनें आम्ही उभयतां निघालों. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड स्टेशनावर उतरलों व पूर्वेच्या बाजूनें थोडें चाललों, तों हा रस्ता लागला. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचें नांव त्याला मिळालें. पाट्यांवर आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें लिहिलेलें असतें, पण टॅक्सीवाल्यास जुनेंच नांव सांगावें! आमच्या पिढीला हा रस्ता चित्रपटगृहांचा म्हणून ठाऊक. १९७५ सालचा 'शोले' येथल्याच मिनर्व्हांत वर्षानुवर्षें चालला. आतां जिकडे तिकडे तारा, पंखे, पडदे आणि खोकीं. हातगाडीवरून मॉनिटर चाललेले, जिन्याच्या पायरीवर बसून कोणी स्क्रू पिळतो आहे, आणि दुकानें इतकीं अरुंद, कीं गिऱ्हाईक आंत शिरलें तर मालकास बाहेर यावें लागेल.

पार्सलाबरोबर आलेलें बिल आम्हीं जपून ठेवलें होतें. त्यावर विक्रेत्याचा पत्ता पाहतों, तर तो याच रस्त्यावरचा, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा! ज्याला ठावठिकाणा नाहीं असें आम्ही समजत होतों, तें दुकान चहाच्या पेल्यासह आमच्यापुढें उभें राहिलें. मालक सज्जन होता. "साहेब, दहा दिवसांनंतर माझ्या हातांत कांहीं राहत नाहीं. पण तुमचा माल भारतांतल्या हमीचा आहे, हें तुमचें नशीब. परदेशचा चोरवाटेनें आलेला असता, तर क्रमांक पाहूनच तुम्हांला परत पाठवलें असतें."

सेवाकेंद्रांतल्या मुलीनें तो क्रमांक संगणकांत घातला.

"काका, दहा महिने शिल्लक आहेत. ही ठेवून जा, बदली डिस्क मिळेल. तिची हमी मात्र उरलेल्या दहा महिन्यांचीच."

"आणि हिच्यांतला मजकूर?"

"तो परत मिळत नाहीं. ही डिस्क कंपनीकडे जाते. बाहेर उघडून घेतलीत, तर सील तुटलें कीं हमी संपली."

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें आपल्या राहत्या गांवींच तक्रार करतां येते, हें आम्ही गाडींत मोठ्या ऐटीनें सांगितलें होतें. पण तक्रार करणार कोणावर? ज्यानें त्यानें दिलेला शब्द पाळला होता.

मागल्या गल्लींत मजकूर काढून देणारा एक कारागीर बसतो, असें त्या सज्जनानेंच सांगितलें होतें. त्यानें डिस्क कानाशीं धरली व म्हणाला, "वाचणारी सुई गेली." त्याच जातीची दुसरी डिस्क मिळवून तिच्या सुया हिला बसवावयाच्या, तेंहि धूळ नसलेल्या पेटींत, कारण सुई आणि चकती यांमध्यें धुळीच्या कणाएवढीहि फट नसते. खर्च पंधरा हजार, आणि मिळेल तेवढें मिळेल. डिस्कची किंमत पांच हजार होती. आम्ही हिशेब करूं लागलों.

"उघडा," सौभाग्यवती कारागिरास म्हणाल्या, आणि त्यांनीं पंचा सोडला.

तीन आठवड्यांनीं निरोप आला. तीनशें अकरा पत्रांपैकीं दोनशें चाळीस निघालीं. सौभाग्यवतींच्या पहिल्या बाळंतपणाच्या वर्षाचें एकहि नाहीं. तीं आणावयास आम्ही पुन्हा गेलों, तेव्हां तिसऱ्या मजल्यावर चढून समोरासमोर पैसे मोजून दोन डिस्का घेतल्या. परतीच्या गाडींत सौभाग्यवती त्या वर्षाचीं पत्रें आठवून सांगूं लागल्या, आणि लोणावळ्यापर्यंत आम्हीं तीं वहींत उतरून घेतलीं.