मागं राहण्याची विद्या

विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधतो आणि तोवर बायको फ्यूज घालून मोकळी होते. तीस वर्षं पोरांकडून समास सोडवून घेतलेल्या माणसाकडून कुणी याहून जास्त अपेक्षाही करू नये. तरीही एका सकाळी पाच हॉर्सपॉवरची जळकी मोटार टेम्पोत घालून मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात उभा होतो. शेजारी पुतण्या. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा, आणि आठ दिवस बापाशी अवाक्षर न बोललेला.

झालं होतं ते असं. आमचं गाव भोगावतीच्या काठचं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. सुट्टीला आलेल्या पोराला आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, उसाला पाणी पाजायला धाडलं. मध्यरात्री मोटार घुमली, धूर निघाला आणि कारभार आटोपला. सकाळी आबांनी चारचौघांत निकाल दिला, "इंजिनेर व्हायला धाडला, आन् ह्यानं घरचीच मोटार जाळली!" पोरगं पहिल्या एसटीनं माझ्याकडं आलं. इकडं पोर गप्प, तिकडं बाप गप्प, आणि मधे ऊस वाळत चाललेला.

मिस्त्रींनी मोटार उघडली. मधला रोटर काढून बाजूला ठेवला. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "याची वायर कुठाय?"

"त्याला वायर नसतीया, मास्तर."

"मग फिरतो कशावर?"

मिस्त्रींना विद्यार्थी मिळाला. म्हणाले, "भाईरच्या भागात तारंच्या वेटोळ्यांचे तीन गट. तीन फेजा एकामागनं एक जोर धरत्यात. त्यानं आत चुंबकाचं वारं गोल फिरतंय म्हना. मिनिटाला पंधराशे फेरं. त्या वाऱ्यानं रोटरच्या सळ्यांत आपसूक वीज उपजतीया, आन् रोटर त्याच्या मागनं पळतोय."

"आणि गाठतो कधी?"

"गाठला तर संपलंच की! बरोबरीनं पळाय लागला की सळ्यांत वीज उपजायची न्हाई, जोर जायाचा. म्हनून ह्यो पळतोय चौदाशे चाळीसनं. मागं ऱ्हातोय, म्हनून चालतोय."

माझा ऊर भरून आला. महागाई पंधराशेनं आणि पगार चौदाशे चाळीसनं असा संसार मी जन्मभर केला, पण त्यामागं शास्त्र आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं! 1888 साली निकोला टेस्लानं अमेरिकेत या मोटारीची पेटंटं घेतली, तेव्हा त्यालाही यात मध्यमवर्गाचं चरित्र दिसलं नसावं.

पुतण्याला आता राहवेना. त्यानं चहाच्या टपरीवरचा एक कागद घेतला आणि त्यावर दोन रेझिस्टन्स, दोन कॉइल, मधे एक उभी कॉइल आणि टोकाला आणखी एक रेझिस्टन्स काढला. "काका, ही अख्खी मोटार. इक्विव्हॅलंट सर्किट. स्टाइनमेट्झ नावाच्या इंजिनिअरनं ही रीत बसवून दिली."

"यात पंप कुठाय? पाणी? ऊस?"

"ह्या टोकाच्या रेझिस्टन्समध्ये." मी चष्मा पुसला. ऊस दिसेना. तो म्हणाला, "रोटर जेवढा मागं राहतो त्याला स्लिप म्हणायचं. आपला शंभरात चार. रोटरला पंचवीस रुपयांची वीज पोचली, तर एक रुपया तापण्यात जातो आणि चोवीस कामाला लागतात. ते चोवीस रुपयांचं काम म्हणजे हा रेझिस्टन्स."

"आणि रोटर जागच्या जागी अडला तर?"

"स्लिप शंभर टक्के. पंचवीसच्या पंचवीस रुपये तापण्यात. काम शून्य."

मला एकदम आमचं घर आठवलं. दोघंही जागचे हलत नव्हते, आणि सगळी शक्ती तापण्यात चालली होती.

तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली. वायंडिंगमधला एकच गट काळाठिक्कर होता, बाकीचे दोन शाबूत. "ही पोरानं जाळली न्हाई. चालू मोटारीची एक फेज गेली. डेल्टात जोडलेल्या मोटारीला हमखास हीच खूण. पर अशा वक्ताला स्टार्टरातल्या रिलेनं मोटार बंद पाडाय पायजे हुती. स्टार्टर आणलायसा?"

आणला होता. उघडून पाहतात तो काय, रिलेला बगल देऊन एक पिवळी वायर सरळ जोडलेली. सारखी बंद पडणारी मोटार चालू ठेवण्याचा रामबाण उपाय!

"कुणी टाकली ही?" मिस्त्री ओरडले.

"मी," पुतण्या लगेच म्हणाला आणि खाली बघायला लागला.

मिस्त्री त्याच्या शिक्षणाचा उद्धार करू लागले. मी मात्र त्या वायरकडं बघत राहिलो. ती माझ्याच घरची होती. दिवाळीत आमच्या नव्या खोलीचं वायरिंग झालं, तेव्हा उरलेला तुकडा आबांनी, "ऱ्हाऊ दे, कामाला येतोय," म्हणून खिशात घातला होता. त्या वेळी पोरगं परीक्षेसाठी होस्टेलवर होतं.

परत येताना मी टेम्पोत विचारलं, "खोटं का बोललास?"

"आबांचं नाव उद्यमनगरात कशाला निघाय पाहिजे, काका?" एवढंच बोलला.

तीन दिवसांनी नवं वायंडिंग भरलेली मोटार आणि नवा रिले बसवलेला स्टार्टर घेऊन आम्ही गावी गेलो. पिवळी वायर माझ्या खिशात होती. दुपारी आबा एकटे सापडले, तेव्हा मी ती त्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, "मिस्त्रींनी विचारलं कुणी टाकली. पोरगं म्हणालं, मी."

आबा वायर बोटाला गुंडाळत बराच वेळ बसले. मग उठून धोतर झटकलं आणि नदीकडं चालू लागले.

काठावर पोरानं सगळं जोडलं आणि नेहमीप्रमाणं बाजूला सरकून बापाला वाट दिली. आबा पुढं झाले नाहीत. खाकरून म्हणाले, "तूच दाब बटन. तुला कळतंय त्यातलं."

पोरानं बटण दाबलं. मोटार जराशी गुरगुरली आणि मग एका सुरात लागली. पाटात पाणी आलं. बापलेक पाण्याच्या कडेकडेनं उसाकडं निघाले, पोर पुढं आणि आबा त्याच्या दोन पावलं मागं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. शंभरात चार असावेत.