राखेतला निखारा

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीसाठी भिलाईला घरी गेलो होतो. त्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक झाली. ती मासिकात लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. पण आपल्यापैकी अनेक जण सुट्टीत गावी जातात, अंगण झाडतात, पालापाचोळा पेटवतात. म्हणून लिहितो आहे.

आमचे आजोबा मूळचे वर्धा जिल्ह्यातले. १९७१ साली ते भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत कोक ओव्हन विभागात राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी गावाच्या कडेला लहानसे कवेलूंचे घर बांधले. घरामागे मोकळा प्लॉट आहे. पावसाळ्यात तिथे कमरेएवढे गवत वाढते आणि मे महिन्यापर्यंत ते वाळून कडकडीत होते. कुंपणाला घाणेरी माजली होती, खिडकीला लागून मोरपंखीची दोन झाडे होती आणि वळचणीला आजीचे सरपण रचलेले होते.

शाळेत स्वच्छतेची सवय लागलेली. एके दिवशी दुपारी तीन वाजता मी सगळा पाचोळा गोळा केला आणि पेटवून दिला. ज्वाळा विझली, राख दिसली, म्हणून मी पाणी प्यायला घरात गेलो. दहा मिनिटांत लू सुटली. राखेखालचा निखारा उडून मागच्या गवतात पडला. गवतातून आग घाणेरीत शिरली आणि तिथून एक ठिणगी मोरपंखीवर आली. हिरवे दिसणारे ते झाड फटाक्यासारखे तडतडत पेटले.

आजोबांनी गोणपाट भिजवून आग झोडपायला सुरुवात केली. शेजारच्या काकूंच्या गोठ्यामागे तणसाचा ढीग होता. त्यांनी आधी वासरू सोडले आणि मग बादल्या घेऊन धावल्या. गल्लीतली आठ-दहा माणसे आली. ढिगापासून जेमतेम दहा फुटांवर आग थांबली. खिडकीची चौकट काळी पडली, एवढ्यावरच निभावले.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "पाणी टाकलं होतं का राखेवर?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "ओव्हनमधून तापलेला कोक बाहेर आला की आम्ही आधी त्याला पाण्याखाली नेत होतो. ज्वाळा दिसते रे, निखारा दिसत नाही. जा, आधी काकूंची माफी मागून ये."

मी गेलो. काकू काही बोलल्या नाहीत, वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन बसलो. भूगोलाच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट मी आजोबांना सांगितली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातले पॅराडाइज हे गाव वणव्यात जवळजवळ पूर्ण जळाले. त्या वणव्यात ८५ माणसे गेली. त्या वेळच्या छायाचित्रांत घरांची राख झालेली दिसते, पण शेजारची काही झाडे हिरवी उभी आहेत. जॅक कोहेन या अमेरिकन वनसेवेतल्या संशोधकाने अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले आहे की वणव्यात बरीचशी घरे ज्वाळांच्या भिंतीमुळे जळत नाहीत. वाऱ्याने आलेली ठिणगी घराला चिकटून असलेल्या वाळक्या वस्तूवर पडते आणि घर पेटते. आजोबा म्हणाले, "म्हणजे ठिणगी येणारच. ती पडेल तिथे तिला खायला काही मिळालं नाही पाहिजे."

मग आम्ही बागेचा नकाशा काढला, एखाद्या चौकीचा काढावा तसा.

भिंतीपासून पाच फूट काहीही पेटणारे ठेवायचे नाही. तिथे मुरूम आणि दगड टाकले. सरपण परसाच्या टोकाला नेले. या पट्ट्यात फक्त सिमेंटच्या वृंदावनातली तुळस राहिली. कवेलूंवरचा पाला दर आठवड्याला काढायचा.

त्यापुढे तीस फुटांपर्यंत बुटकी आणि ओलसर झाडे: हळद, ब्राह्मी, अडुळसा, कढीपत्ता. वाफे सुटे सुटे आणि मधून दगडी वाट. मोरीचे पाणी चारी काढून तिकडे वळवले.

त्याच्याही पलीकडे जांभूळ, करंज आणि बेल. एकाचा शेंडा दुसऱ्याला भिडणार नाही एवढे अंतर ठेवायचे आणि झाडे वाढली की खालच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत छाटायच्या, म्हणजे गवतातली आग शेंड्यावर चढत नाही. शेवटी कुंपणाबाहेर सहा फुटांचा पट्टा खरवडून मोकळा केला. वन विभाग जंगलात जाळरेषा काढतो, तीच ही, घरापुरती.

मला वाटत होते, देशी झाड लावले की काम झाले. आजोबांनी ते खोडून काढले. घाणेरी आणि मोरपंखी बाहेरून आलेली, ती गेली हे बरेच झाले. पण साग आणि बांबू आपलेच असूनही त्यांचा वाळलेला पाला झपाट्याने पेटतो, म्हणून ते घराजवळ नकोत. न जळणारे झाड कुठेच नसते. झाड कुठे लावले आणि त्याखाली काय साचू दिले, त्यावर सगळे ठरते.

परसाच्या टोकाला एक जुना मोह आहे. छत्तीसगडमध्ये १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानतात. मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवणे, हे त्या वणव्यांचे एक मोठे कारण आहे. फुले वेचणाऱ्यांची ती गरजच असते, त्यांना नुसता दोष देऊन काय होणार? आजी झाडाखाली जुनी लुगडी अंथरते. फुले स्वच्छ मिळतात आणि काडी लावावी लागत नाही. पाला खड्ड्यात जातो आणि त्याचे खत होते.

खड्डे मी खोदले. पाऊस पडल्यावर रोपे आजी-आजोबांनी लावली, कारण तोवर शाळा सुरू झाली होती. दिवाळीत गेलो तेव्हा करंज गुडघ्याएवढा झाला होता. आजोबांचे गुडघे मात्र दुखतात. जाळरेषेवर उगवलेले गवत काकूंच्या मुलाने काढले होते, कुणी न सांगता. त्या दिवशी काकूंनी मला घरात बोलावून चहा दिला.

परवा शिबिरात शेकोटी झाली. गाणी संपली, सगळे तंबूकडे निघाले. मी दोन बादल्या पाणी आणले, राख काठीने उकरली, परत पाणी ओतले आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहिली. अजून ऊब लागत होती. उस्तादांनी लांबून विचारले, "क्या कर रहे हो?" मी म्हणालो, "उस्ताद, एक बादली और लगेगी."

ते काही न बोलता स्वतः बादली घेऊन आले.