अनगोळची टाळी

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला अनगोळ वसले आहे. आज ते शहरात पुरते मिसळून गेले असले, तरी आपले गावपण त्याने टाकलेले नाही. टिळकवाडीचे रुंद रस्ते मागे पडले की गल्ल्या अरुंद होऊ लागतात, दारापुढील रांगोळ्या दिसू लागतात आणि एकाच ओट्यावरून मराठी व कानडी अशा दोन्ही भाषा कानी पडतात. एका बाजूस वडगावकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूस लोहमार्ग आणि लोहमार्गापलीकडे उद्यमबागेचे कारखाने. पाळी सुटण्याच्या वेळी चौथ्या रेल्वे फाटकाशी उभे राहिल्यास ओतशाळांतून व यंत्रशाळांतून परतणाऱ्या माणसांचा लोंढा पाहावयास मिळतो.

आम्ही तेथे गेलो होतो ते एका स्नेह्यांच्या घरी. त्यांचा धाकटा मुलगा महाविद्यालयात शिकतो. सायंकाळी त्याच्या महाविद्यालयाचा बास्केटबॉलचा आंतरमहाविद्यालयीन सामना होता. मैदान शहराच्या त्याच भागात होते व पायी जाण्याइतके जवळ होते, तेव्हा आम्हीही निघालो. शाळेत असताना आमचा ओढा फुटबॉलकडे असे. कॅम्पातील संत पौल शाळा १८५६ सालची, आणि तेव्हापासून आजवर बेळगावच्या ख्रिस्ती घरांतून फुटबॉलवेड्या मुलांची कधी वाण पडली नाही. बास्केटबॉल मात्र आम्ही जवळून असा प्रथमच पाहत होतो.

खरे सांगावयाचे तर पहिली दहा मिनिटे आमचे लक्ष खेळापेक्षा प्रेक्षकांकडेच अधिक होते. पायऱ्यांवर मुले खांद्याला खांदा लावून बसली होती. कोणी खानावळीतील स्टीलची ताटे आणली होती व त्यांवर चमच्यांनी ताल धरला होता. एकाने कोठून तरी हलगी पैदा केली होती. आवडत्या खेळाडूच्या हाती चेंडू आला की त्याच्या नावाचे दोन तुकडे करून अर्धी पायरी एक तुकडा ओरडे व उरलेली अर्धी दुसरा. घोषणा मराठीत होत्या, कानडीत होत्या, हिंदीत होत्या, आणि खानापूरकडील दोनतीन मुलांनी मध्येच कोकणीतही आवाज दिला. ज्या सीमाभागात भाषेवरून इतकी वर्षे वाद चालला, तेथे एका चेंडूसाठी या सर्व भाषा एकाच पायरीवर बसलेल्या पाहून आम्हांस मोठा आनंद झाला.

पाहुणा संघ दक्षिणेकडील जिल्ह्यातून रात्रभराचा प्रवास करून आला होता. त्याच्या बाजूने ओरडणारे असे राखीव खेळाडू आणि प्रशिक्षक एवढेच. उत्तरार्धात त्या संघातील एका उंच, सडपातळ मुलास दोन फ्री थ्रो मिळाले. वाचकांपैकी ज्यांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: प्रतिपक्षाने नियमबाह्य धक्का दिला म्हणजे खेळ थांबतो, आणि ज्याला धक्का बसला तो सुमारे १५ फुटांवरून, कोणाचाही अडथळा नसताना, १० फूट उंचीवरील कड्यात चेंडू टाकतो. त्या क्षणी तो अगदी एकटा असतो. आमच्या पायरीने हाच क्षण साधला. ताटे वाजली, शिट्ट्या झाल्या, त्याच्या उंचीवरून व चालण्यावरून टोमणे निघाले. पहिला चेंडू कड्यावर आपटून बाहेर गेला. दुसराही गेला. पायरीवर एकच जल्लोष उसळला, आणि सांगावयास संकोच वाटतो, आम्हीही मोठ्या हर्षाने टाळ्या पिटल्या.

आमच्या शेजारी डोक्यास पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांचा नातू यजमान संघातून खेळत होता. तरुणपणी त्यांनी तालमीत माती अंगाला लावलेली होती, हे त्यांच्या चुरगळलेल्या कानांवरूनच कळत होते. ते आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, “सर, पावण्याच्या चुकीला टाळी वाजवायची नसते बघा. कुस्तीत चितपट करणाऱ्याला टाळी असते. पाय घसरून पडला तर त्याला नसते.”

आमचे हात जागच्या जागी थांबले.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यातील माणूस प्रेक्षक म्हणून घडला तो कुस्तीच्या मैदानात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. कोठेही बसले तरी मधला आखाडा स्वच्छ दिसावा अशी त्याची रचना आहे. अशा मैदानांतून प्रेक्षकांचा एक अलिखित शिष्टाचार तयार झाला. पकड बसली की हलगीची लय वाढावी. डाव निर्णायक झाला की हजारो माणसांनी श्वास रोखावा. निकाली कुस्ती झाली की विजयी मल्ल प्रेक्षकांतून फिरावा व लोकांनी त्याच्या हातावर खुशीने बक्षिसी ठेवावी. आणि जो हरला, पण जिद्दीने लढून हरला, त्याच्याही पाठीवर थाप पडावी. तेथेही अपवाद घडतात व भांडणेही होतात. परंतु शिष्टाचार कोणता हे जुन्या माणसांस विचारावे लागत नाही.

बास्केटबॉलचा जन्मही, पाहिले तर, अशाच एका विचारातून झालेला आहे. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेतील जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे आणि आडदांडपणास वाव राहू नये, हा त्यांचा हेतू होता. पीच फळाच्या दोन टोपल्या सज्जास टांगून त्यांनी १३ नियम लिहिले. खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे हे सर्व त्यांत निषिद्ध होते. आपल्या देशातही हा खेळ वाय. एम. सी. ए. मार्फतच आला. परंतु नेस्मिथ यांनी नियम घातले ते खेळाडूंस. पायरीवरील प्रेक्षकांच्या जिभेस त्यांना नियम घालता आला नाही.

तो नियम प्रेक्षकांनी स्वतःच घालावयाचा असतो. अमेरिकेत इंडियाना राज्यात टेलर नावाचे एक ख्रिस्ती विद्यापीठ आहे. तेथे दर डिसेंबरात एका सामन्यास विद्यार्थी चित्रविचित्र वेष करून येतात आणि आपल्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत चकार शब्द काढीत नाहीत. दहावा गुण झाला की छप्पर उडेल असा घोष होतो, आणि सामना संपताना सारे मिळून नाताळचे एक शांत गीत गातात. शिकागोच्या लोयोला या येशूसंघीय विद्यापीठाच्या संघाबरोबर सिस्टर जीन या वयोवृद्ध धर्मभगिनी अनेक वर्षे असत. २०१८ साली तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या चार संघांत पोहोचला, तेव्हा ९८ वर्षांच्या सिस्टर चाकांच्या खुर्चीतून त्याच्या पाठीशी होत्या. सामन्यापूर्वी त्या खेळाडूंसह प्रार्थना करीत व सामन्यानंतर त्यांचे गुणदोष त्यांना लिहून कळवीत. २०२५ साली १०६ व्या वर्षी त्या प्रभूच्या घरी गेल्या. भक्ती आणि उत्साह यांचे वैर नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळावे.

आमचा सामना यजमानांनी थोडक्या गुणांनी जिंकला. पोरांनी नाचत मैदान डोक्यावर घेतले. त्या गर्दीतून शेजारचे आजोबा उठले, नातवाच्या पाठीवर हात ठेवून सरळ पुढे गेले, आणि पाहुण्यांच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या त्या उंच मुलाच्या हातावर त्यांनी पन्नासाची नोट ठेवली. मुलास मराठी येत नव्हते. तो गोंधळून प्रशिक्षकाकडे पाहू लागला. प्रशिक्षकांनी मान हलविली, तेव्हा त्याने वाकून आजोबांच्या पायांना हात लावला. आमच्या पायरीवरील ताटे आपोआप थांबली होती. मग कोणी तरी टाळी वाजवली, आणि ती वाढत गेली. त्या टाळीत आम्हीही होतो.

संत पौल ज्या करिंथ नगरीत राहिला, तिच्या जवळच दर दोन वर्षांनी मोठे क्रीडोत्सव भरत. त्यामुळेच की काय, त्याच्या पत्रांतून शर्यतीचे व मुष्टियुद्धाचे दाखले येतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर पूर्वीचे सारे श्रद्धावंत आपल्या धावेभोवती साक्षीदार म्हणून दाटून उभे आहेत असे चित्र आहे. ते आपल्या घसरण्याची वाट पाहत उभे नाहीत, हे आपले केवढे भाग्य! मग आपल्या गल्लीत, आपल्या धर्मग्रामात, आपल्या घरी कोणाचा पाय घसरला, तर आपले हात काय करतात?

परतताना फाटक बंद होते. गाडी जाईपर्यंत आम्ही थांबलो, आणि हात खिशात घालून हाच प्रश्न मनाशी घोळवीत राहिलो.