दुसऱ्या बँडच्या टेपा

१

जेरी गार्सिया म्हटले की पुण्यातला रॉक ऐकणारा 'ग्रेटफुल डेड' म्हणतो आणि थांबतो. ही टिपणे त्याच्या दुसऱ्या बँडविषयी आहेत. डेडला सुट्टी असली की गार्सिया घरी बसत नसे. सॅन फ्रान्सिस्को आणि बर्कलीच्या क्लबांत दुसरी माणसे घेऊन वाजवायचा. १९७५ पासून त्या मंडळींना त्याचेच नाव मिळाले : जेरी गार्सिया बँड. २३ एप्रिल १९९५ला या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. ९ ऑगस्टला गार्सिया गेला. वय ५३.

२

रॉन टट १९७५ ते ७७ या काळात गार्सियाचा ड्रमवादक होता. त्याच काळात तो एल्व्हिस प्रेस्लीचाही ड्रमवादक होता.

३

कोथरूडमधल्या एका घरी काही जण अधूनमधून ऐकायला जमतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, इंजिनिअरिंगची दोन मुले आहेत, एक सतारीची शिक्षिका आहे. परवाचे संभाषण :

"काका, हे एवढं सावकाश का वाजवतात? डेडचं हेच गाणं किती पळतं!"

"अरे, विलंबित आहे. सम येऊ दे की."

मुलगा गप्प बसला. गाणे संपल्यावर त्यानेच पुन्हा लावायला सांगितले.

४

लय हाच या बँडचा खरा मुद्दा आहे, असे मला ठामपणे वाटते. डेडमध्ये दोन ड्रमवादक, दुसरा गिटारवाला, सतत काहीतरी सुचवणारा बास. सहा जण एकाच वेळी बोलतात आणि त्यातून कधी अद्भुत काही निघते. गार्सिया बँडमध्ये जागा मोकळी आहे. जॉन कानचा बास कमी स्वर घेतो आणि ते खोल घेतो. ऑर्गन मागे लांब स्वर धरून ठेवतो. वर एकच गिटार. एक कडवे गाऊन झाले की गार्सिया सोलो सुरू करतो. आधी चाल जवळजवळ तशीच म्हणतो, मग एखादी जागा बदलतो, मग वरच्या सप्तकात जाऊन थोडा रेंगाळतो आणि घाई न करता खाली उतरतो. पट्टीच्या वादकाला लाजवेल असा वेग त्याच्याकडे होता. तो राखून ठेवायचा. 'शुगरी'चे लांबलेले प्रयोग ऐकताना बढत हाच शब्द डोक्यात येतो आणि तो उगाच येत नाही.

५

या बँडच्या यादीत बॉब डिलन, जिमी क्लिफ, स्मोकी रॉबिन्सन, पीटर टॉश. आणि अर्व्हिंग बर्लिनचे 'रशियन ललाबाय'. स्वतःची गाणीही असत, पण बरीचशी दुसऱ्यांची.

अमेरिकेत याला कोणी कमीपणा मानला असेल. पुण्यात सदारंगाची चीज गाणाऱ्याला 'स्वतःची का नाही गात' असे आजवर कोणी विचारलेले नाही.

६

मॅक्सेलची ९० मिनिटांची कॅसेट : एका बाजूला ४५ मिनिटे. गाणे रंगात आले असताना खट्ट. मग दुसरी बाजू, मधली दहापंधरा सेकंद कायमची गेलेली. गार्सियाच्या न्यू जर्सीतल्या कार्यक्रमांच्या टेपांत हे आहे. लक्ष्मी रोडवरच्या माळ्यांवर सापडणाऱ्या दरबारीच्या टेपांतही आहे.

७

डेडने ऑक्टोबर १९८४ पासून श्रोत्यांमधल्या ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखली. उंच काठ्यांवर मायक्रोफोनांचे रान. त्याआधी वर्षानुवर्षे लोक मुद्रण करतच होते, बँड दुर्लक्ष करत होता. टेपा विकायच्या नाहीत, अदलाबदल करायची, हा लोकांनीच पाळलेला नियम. कोरी कॅसेट आणि पोस्टाचा खर्च पाठवला की अनोळखी माणूस कॉपी करून पाठवायचा.

आपल्याकडे खासगी मैफलीची अशी टेप कधी कधी, ती जपणारे वडील वारल्यावर, मुलांनी दिली. बहुतेक वेळा नाही दिली.

८

कर्वे रस्त्यावरचे अलूरकर म्युझिक हाऊस ज्यांना आठवते त्यांना वेगळे सांगायला नको. सुरेश अलूरकरांनी खासगी मैफलींची दुर्मिळ मुद्रणे मिळवली आणि कॅसेटी काढल्या. दुकानात शिरलेल्या माणसाला काय ऐकायला हवे ते सांगायचे. पुण्याच्या एका पिढीचे कान त्या दुकानाने घडवले. हे शहर त्याबद्दल पुरेसे बोलत नाही.

९

बेटी कँटर-जॅक्सन डेडची आणि गार्सियाच्या बँडांची मुद्रणे करायची. पैशांची अडचण आली, गोदामाचे भाडे थकले आणि १९८६मध्ये तिच्या टेपांचा लिलाव झाला. रिळे वेगवेगळ्या हातांत गेली. त्यांतल्याच खजिन्यामुळे ८ मे १९७७चा कॉर्नेल विद्यापीठातला डेडचा कार्यक्रम लोकांपर्यंत पोचला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो पुढे राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला.

भाडे थकलेल्या गोदामातून राष्ट्रीय नोंदवहीत.

१०

साऊंडबोर्डवरून केलेले मुद्रण चांगले की प्रेक्षकांतले? हा वाद मिटत नाही. बोर्डाच्या टेपेत प्रत्येक तार स्पष्ट, पण सभागृह नाहीसे होते. प्रेक्षकांतल्या टेपेत बास गढूळ, शेजारचा माणूस खोकतो, आणि सोलोच्या एका वळणावर दोन हजार माणसे एकदम श्वास सोडतात. सतारीच्या बाईंचे मत प्रेक्षकांच्या बाजूने. त्या म्हणतात, दाद कुठे आली ते कळल्याशिवाय गाणे कळत नाही. माझेही मत तेच.

११

गार्सिया चार वर्षांचा असताना लाकूड फोडताना भावाच्या कुऱ्हाडीने त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट तुटले. दोन तृतीयांश गेले. काही महिन्यांत, १९४७मध्येच, वडील मासेमारीला गेले असता नदीत बुडाले. वडील वादक होते. मुलाचे नाव त्यांनी संगीतकार जेरोम कर्नवरून ठेवले होते.



१२

जँगो राइनहार्ट : आगीत भाजलेली दोन बोटे. टोनी आयोमी : कारखान्यात गेलेली दोन बोटांची टोके. गिटारवादकांचा इतिहास लिहायचा तर अपघातांची यादीही लागेल.

१३

जुलै १९८६. मधुमेहाने गार्सिया बेशुद्ध, काही दिवस. शुद्धीवर आला तेव्हा हात गिटार विसरले होते. मर्ल साँडर्स रोज यायचा, सोबत बसायचा, त्याला पुन्हा वाजवते केले. हा तोच ऑर्गनवादक, ज्याच्याबरोबर जुलै १९७३मध्ये बर्कलीच्या कीस्टोन क्लबात 'लाइव्ह ॲट कीस्टोन' मुद्रित झाला होता. मैत्रीच्या खात्यावर यापेक्षा मोठी जमा मला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८७मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लंट-फाँटेन थिएटरात १८ प्रयोग. पूर्वार्धात लाकडी गिटारी, उत्तरार्धात विजेच्या. नाटकाच्या थिएटरात, नाटकासारखे रोजच्या रोज.

१४

मेल्विन सील्स चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढला. १९८०च्या सुमारास बँडमध्ये आला तो शेवटपर्यंत राहिला. काही जण त्याच्या हॅमंड ऑर्गनसाठीच टेप लावतात. अप्पा जळगावकरांच्या हार्मोनियमसाठी भीमसेनजींची एखादी मैफल पुन्हा लावणारी माणसे पुण्यात आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

१५

भूपिंदर सिंग म्हटले की लोकांना गझल आठवते. 'दम मारो दम'ची गिटार त्याची, १९७१. 'पंचममॅजिक' ही पुण्याची संस्था पंचमच्या, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या, वादकांना बोलावून मंचावर बोलते करते. कुठल्या गाण्यात कोणती गिटार, बारा तारांची की सहा, कोणी वाजवली, टेक कसा झाला. खच्चून भरलेले सभागृह या तपशिलांना टाळ्या देते.

राहुलदेव बर्मन ४ जानेवारी १९९४ला गेले. भूपिंदर २०२२मध्ये. वादक जातायत. प्रश्न लवकर विचारायला हवेत.

१६

२८ फेब्रुवारी १९८०, कीन कॉलेज, न्यू जर्सी. १ मार्च १९८०, कॅपिटल थिएटर, पसेक, न्यू जर्सी. त्याच बँडचे दोन कार्यक्रम, मध्ये एक दिवस, कारण ते लीप वर्ष होते. दोन्ही अधिकृतपणे निघालेत : पहिला २००४मध्ये, दुसरा २०१३मध्ये 'गार्सियालाइव्ह' मालिकेचा पहिला खंड म्हणून. कीन कॉलेजच्या कार्यक्रमात जे. जे. केलच्या 'आफ्टर मिडनाइट'च्या पोटात बीटल्सच्या 'एलिनॉर रिग्बी'ची चाल उगवते, शब्दांशिवाय, आणि पुन्हा मूळ गाण्यात विरते.

"एकच बँड दोनदा कशाला ऐकायचा?" हा प्रश्न एका पाहुण्याने विचारला. काकांनी त्यांना भीमसेनजींचे वेगवेगळ्या वर्षांचे दोन पूरिया धनाश्री पाठवले. उत्तराची वाट पाहतायत.

१७

अल्लारखाँकडे डेडचा ड्रमवादक मिकी हार्ट शिकला. अल्लारखाँचे चिरंजीव झाकिर हुसेन आणि हार्ट यांच्या दिगा ऱ्हिदम बँडची तबकडी १९७६मध्ये निघाली. तालवाद्यांच्या त्या गर्दीत गार्सियाची गिटार आहे. उस्ताद अली अकबर खाँचे कॉलेज सॅन राफेलमध्ये. डेडचे कार्यालयही सॅन राफेलमध्ये होते.

झाकिरभाई १५ डिसेंबर २०२४ला सॅन फ्रान्सिस्कोत गेले. त्या आठवड्यात कोथरूडच्या घरी दुसरे काही वाजले नाही. दिगाही त्यात होते.

१८

१९९३. गार्सिया, मँडोलिनवाला डेव्हिड ग्रिसमन आणि टोनी राइस, तिघे ग्रिसमनच्या घरच्या स्टुडिओत वाजवत होते. मुद्रणाची एक प्रत पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाच्या हाती लागली, असे सांगतात. ती देशभर फिरली. २०००मध्ये ग्रिसमनने ती रीतसर प्रसिद्ध केली, नाव 'द पिझ्झा टेप्स'.

१९

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. हा नियम सवाई गंधर्व महोत्सवाला लागू आणि रॉकच्या मैदानालाही. १९५३ला भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. पुढे तो रात्रभर चालायचा, आणि पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. डिसेंबर २०१०मध्ये एनएच७ वीकेंडर पुण्यात सुरू झाला तेव्हा तिथल्या गर्दीला पहाट कधी ठाऊकच नव्हती.

ललत आता मुख्यतः टेपेवर.

२०

महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी तबकडी वाजवून करायची प्रथा. जिवंत गायकांची सत्रे संपतात आणि शेवटचा शब्द १९५२मध्ये गेलेल्या माणसाचा. त्या काळच्या ७८च्या तबकडीवर तीनेक मिनिटे मावायची. हजारो माणसे तेवढ्यासाठी थांबतात.

२१

'कॅट्स अंडर द स्टार्स', एप्रिल १९७८. या बँडची स्टुडिओत केलेली तबकडी. गार्सियाची स्वतःची सर्वांत आवडती. खपली नाही. याचा त्याला त्रास झाला, आणि या बँडकडून स्टुडिओत त्याने पुढे फारसे काही करून घेतले नाही. 'रुबिन अँड शेरीस' शांतपणे ऐका. ऑर्फियसची जुनी ग्रीक कथा कार्निव्हलमध्ये आणून ठेवली आहे. रॉबर्ट हंटरचे शब्द.

२२

४ एप्रिल १९९६ला गार्सियाच्या अस्थींचा काही भाग हृषीकेशला गंगेत सोडला. डेडमधला दुसरा गिटारवाला बॉब वीअर आणि गार्सियाची पत्नी आले होते. उरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत.

जॉन कान, पंचवीस वर्षे त्याच्या शेजारी उभा राहून बास वाजवणारा, त्याच वर्षी ३० मेला गेला.

२३

एका मुद्द्यावर आमच्यात कडाक्याचे मतभेद आहेत. १९९३ ते ९५च्या टेपा ठेवायच्या का? गार्सियाचा श्वास पुरत नाही, शब्द विसरतो, कधी बोटे अडखळतात. इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणतो, हे ऐकणे म्हणजे माणसाच्या आजारपणात डोकावणे, ते थांबवायला हवे. त्याचा कळवळा खरा आहे. मला मात्र ते पटत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या उंबरठ्यावर गात होते आणि कुणी कान झाकले नाहीत. 'मिशन इन द रेन'सारखे गाणे ३४व्या वर्षी गाणे वेगळे आणि ५२व्या वर्षी, तो आवाज चिरलेला असताना गाणे वेगळे. चांगल्या रात्रीच तेवढ्या ठेवल्या तर आपल्या हाती पुतळा राहील. माणूस वाईट रात्रींतही होता आणि तिकीट काढून आलेली माणसे त्या रात्रीही बसून होती.

काका दोघांचेही ऐकून घेतात आणि १९९४ची टेप लावतात.

२४

नव्याने ऐकणाऱ्यासाठी : आधी १९९१चा 'जेरी गार्सिया बँड' हा जोडअल्बम, सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरात १९९०मध्ये मुद्रित केलेला. सील्सचा ऑर्गन, कानचा बास, डेव्हिड केंपरचे ड्रम, मागे जॅकलिन लाब्रांच आणि ग्लोरिया जोन्स यांचे आवाज. मग 'लाइव्ह ॲट कीस्टोन'. मग १९८०ची न्यू जर्सी, दोन्ही. 'कॅट्स' सगळ्यांत शेवटी, कारण गाणी मंचावर काय होतात ते आधी कानात हवे. सतारीच्या बाईंना हा क्रम अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते सुरुवात १९७२च्या 'गार्सिया'पासून करावी. त्यात ड्रम सोडले तर जवळजवळ सगळी वाद्ये त्याने एकट्याने वाजवली आहेत. एकटा काय करतो ते ऐकावे, मग चारचौघांत काय करतो ते.